मे महिन्यात पुस्तकं कपाटात का?

एप्रिलचा शेवटचा आठवडा आला की पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पीडीएफ येऊन पडते. रोज एक पान शुद्धलेखन, दोन ते वीसचे पाढे दहा वेळा, वाहतुकीच्या साधनांचा चार्ट, आइस्क्रीमच्या काड्यांचं घर. खाली ठळक अक्षरांत: शाळा उघडेल त्या दिवशी जमा करणे. शहरातल्या खाजगी शाळांची ही रीत आता तालुक्याच्या गावांतही रुळली आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांत बहुतेक ठिकाणी याच्या उलट. १ मेचं झेंडावंदन झालं, निकाल हातात पडला की मुलाचा आणि शाळेचा संबंध जूनच्या मध्यापर्यंत तुटतो. विदर्भात उन्हामुळे आणखी आठवडाभर.

एकीकडे अभ्यासाचा ढीग, दुसरीकडे काहीच नाही. यातलं कुठलं बरं, असा वाद दरवर्षी होतो आणि मला तो चुकीच्या जागी चालल्यासारखा वाटतो. प्राथमिकच्या मुलाची सुट्टी कशी जाईल हे मे महिन्यात ठरत नाही. सुट्टी लागण्याआधीच्या आठ-दहा दिवसांत शाळा मुलाच्या हातात काय देते आणि त्याच्या घरच्यांशी काय बोलते, यावर ते ठरतं. आपल्याकडे त्या दिवसांत शाळा देत काहीच नाही. जूनमध्ये मागते मात्र पुष्कळ, नाहीतर विचारतही नाही.

आधी त्या पीडीएफचं बघू. दोन ते वीस म्हणजे एकोणीस पाढे, प्रत्येकाच्या दहा ओळी, दहा वेळा: १,९०० ओळी. आठ वर्षांच्या मुलाने. २०१८ च्या मे महिन्यात मद्रास उच्च न्यायालयाने पहिली-दुसरीला गृहपाठ नको असा आदेश दिला, त्याच वर्षी नोव्हेंबरात केंद्राच्या शिक्षण खात्याने राज्यांना तसं कळवलं. २०२० च्या, दप्तराचं ओझं कमी करण्यासाठी आलेल्या केंद्राच्या दप्तर धोरणाने तेच पुन्हा सांगितलं आणि तिसरी ते पाचवीसाठी आठवड्याला जास्तीत जास्त दोन तासांची मर्यादा घातली. सहा आठवड्यांच्या सुट्टीला हे माप लावलं तर बारा तास होतात. त्यातले बरेचसे पाढ्यांतच गेले. धोरण हे धोरणच, कायदा नव्हे, त्यामुळे ते न पाळणाऱ्या शाळेला कुणी विचारत नाही.

आणि तो चार्ट करतं कोण? स्टेशनरीच्या दुकानात समाजसुधारक, फळं-भाज्या, वाहतुकीची साधनं असे छापील चित्रतक्ते मिळतात. शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यात ते खपतात. आई कापते, बाबा चिकटवतात, मूल तोवर झोपलेलं असतं. ज्याच्या घरी कापायला-चिकटवायला कुणी मोकळं नाही, ते मूल पहिल्याच दिवशी वर्गात उभं राहतं. सुट्टीचा प्रकल्प म्हणून शाळा जे तपासते ती पालकांची फुरसत असते.

हे पाहून कुणी म्हणतं, सोडा ना त्यांना, खेळू द्या, आम्ही नाही का आंब्याच्या झाडावर मे महिने काढले. या म्हणण्याबद्दल मला मनापासून सहानुभूती आहे. सुट्टी हा मुलांचा हक्क आहे आणि तो शिबिरं, छंदवर्ग, 'व्हेकेशन बॅच' यांनी आधीच पुरेसा कुरतडला आहे. पण हे म्हणणारे आपण बहुतेक सगळे घरात वर्तमानपत्र येणारे, मामाच्या घरी पुस्तकांचं फडताळ असणारे होतो. आपण आंब्याच्या झाडावर असतानाही वाचत होतो. दुकानाच्या पाट्या, भेळेचा कागद, दिवाळी अंकातला उरलेला विनोद. वाचन सुटायला जागाच नव्हती.

दुसरीतल्या ज्या मुलाला मार्चमध्ये नुकती कुठे अक्षरं जोडता यायला लागली, काना-मात्रा लागून शब्द बाहेर पडायला लागला, आणि ज्याच्या घरात छापील म्हणावं असं कॅलेंडर, रेशनकार्ड आणि औषधाची पट्टी एवढंच आहे, त्याचे सहा आठवडे वेगळे असतात. मुलांना किती वाचता येतं हे घरोघर जाऊन तपासणाऱ्या 'असर' या पाहणीच्या २०२४ च्या फेरीत ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांमधली तिसरीची २३.४ टक्के मुलं दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकली. २०२२ मध्ये हे प्रमाण १६.३ होतं, म्हणजे सुधारणा आहे. तरी चारातली तीन मुलं तिसरीत असताना वाचनाच्या उंबरठ्यावरच उभी आहेत. सुट्टीत घसरण्याची भीती आहे ती याच मुलांना. सराईत वाचणारं मूल महिनाभर काही वाचलं नाही तरी वाचायला विसरत नाही.

सुट्टीतल्या विसरण्यावर अमेरिकेत बरंच संशोधन झालं आहे. हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये तिथल्या ३९ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. उन्हाळ्यात सरासरी महिनाभराचं शिकलेलं मागे पडतं, गणित जास्त विसरलं जातं आणि वाचनात गरीब घरातली मुलं मागे पडतात, असं त्यातून निघालं. पुढे पॉल फॉन हिपेल यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्यावर प्रश्न उभे केले: जुन्या चाचण्यांच्या पद्धतीमुळे तो फरक फुगला असावा, नव्या चाचण्यांत तो तसा दिसत नाही. म्हणून 'सुट्टीत मुलं सगळं विसरतात' असं ठोकून देणाऱ्यांपासून जरा सावध राहिलेलं बरं. त्यांच्याकडे बहुधा विकायला एखादी वर्कबुक असते. पण इतकं मान्य करायला संशोधनाची गरज नाही की नवं शिकलेलं वाचन वापरात राहिलं तर मुरतं, आणि वापरायला आधी वाचण्यासारखं काहीतरी हातात लागतं.

ते आहे. शाळेच्या कपाटात आहे.

समग्र शिक्षा अभियानात शाळांना ग्रंथालयासाठी वर्षाला ५,००० रुपयांपासून २०,००० रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. छोट्या प्राथमिक शाळेच्या वाट्याला त्यातले खालचे ५,००० येतात. ते दरवर्षी येतात, वेळेवर येतात असं म्हणण्याचं धाडस मी करणार नाही. तरी गेल्या काही वर्षांत अगदी दोनशिक्षकी शाळेतही नॅशनल बुक ट्रस्टची, प्रथम बुक्सची, बालभारतीच्या 'किशोर'च्या जुन्या अंकांची एखादी चळत असते. मोठ्या टायपातली, पानाला दोन ओळींची, चित्रांची पुस्तकं. नेमकी दुसरी-तिसरीच्या मुलाला परवडणारी. आणि ती मे महिनाभर लोखंडी कपाटात असतात, कारण शाळा बंद आहे.

का असतात, याचं उत्तर शिक्षकांच्या आळसात शोधणाऱ्यांनी डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे शाळेच्या सामानाची नोंदवही, बघावं. प्रत्येक पुस्तकाची त्यात नोंद असते. तपासणीला अधिकारी आले की पुस्तकं मोजली जातात, बदली झाली की चार्ज देताना मोजली जातात. वीस पुस्तकं कमी भरली तर मुख्याध्यापकाने उत्तर द्यायचं, प्रसंगी खिशातून भरायचं. पाच वर्षांत एकही पुस्तक कुणा मुलाच्या घरी गेलं नाही, याबद्दल मात्र त्याला कुणीही काही विचारत नाही. अशा हिशेबात शहाणा माणूस कुलूपच लावेल. नवीकोरी पुस्तकं ही आपल्या व्यवस्थेत चांगल्या ग्रंथालयाची खूण ठरते. खरं तर ती शरमेची खूण आहे.

हे बदलायला पैसा लागत नाही. दरवर्षी अमुक टक्के पुस्तकं फाटणार, भिजणार, हरवणार हे धरूनच चालायचं आणि ती मुख्याध्यापकाच्या सहीने निर्लेखित करता, म्हणजे नोंदीतून कमी करता यायची, एवढा एक अधिकार लागतो. साठ पटाच्या शाळेने प्रत्येक मुलाला दोन पुस्तकं दिली तर १२० होतात. त्यातली वीस परत आली नाहीत, आणि एकेक पुस्तक पन्नास रुपयांचं धरलं, तर हजार रुपयांचा खर्च. याहून जास्त खर्च आपण शिक्षणविषयक फ्लेक्सवर करतो.

द्यायचं कसं, यालाही थोडी अक्कल लागते. सुट्टीच्या आदल्या दिवशी गठ्ठा सोडून वाटप केलं तर ती पुस्तकं घरच्या कोनाड्यात जातील, एवढाच बदल. दुसरीच्या मुलाला जी गोष्ट आधी ऐकून माहीत आहे तिचं पुस्तक वाचायला सोपं जातं. पुढे काय येणार हे ठाऊक असतं, त्यामुळे अडलेला शब्द अंदाजाने सुटतो. म्हणून एप्रिलच्या शेवटच्या दिवसांत शिक्षकांनी रोज तीन-चार पुस्तकं वर्गात मोठ्याने वाचून दाखवावीत आणि मग मुलांनी आपापलं निवडावं. त्यांनी निवडावं, आपण नव्हे. वाडी-वस्ती लांब असेल तर वस्तीला एक पिशवी, ती पाचवीतल्या एखाद्या मुलीकडे किंवा मुलाकडे, आणि आठवड्याला अदलाबदल. वही नको, सारांश नको, 'या गोष्टीतून काय शिकलात' तर मुळीच नको.

आता घरच्यांशी बोलायचं ते. याचा एक चांगला नमुना राज्याकडे आहेच. २०२२ पासून 'पहिले पाऊल' या नावाने शाळापूर्व तयारीचे मेळावे होतात: पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी एक एप्रिलमध्ये, एक जूनमध्ये, आणि मधल्या आठवड्यांत गावातल्या आयांचे छोटे गट. आयांना साधी कृतिपत्रं मिळतात: डाळी वेगळ्या करा, घरातल्या वस्तू लहान-मोठ्या लावा, गोष्ट सांगा. कुठे हे मेळावे मनापासून होतात, कुठे फोटोपुरते. पण कल्पना पक्की आहे, आणि ती पहिलीच्या दारातच थांबते याचं मला आश्चर्य वाटतं. पहिलीत येणाऱ्या मुलाच्या आईला आपण शिकवण्यातली भागीदार मानतो, आणि वर्षभराने तिच्याकडून फक्त सह्या घेतो. तिसरीच्या मुलाच्या आईला हे बोलावणं जास्त गरजेचं आहे. तेही दुपारी बाराला नको. ती तेव्हा दुसऱ्याच्या रानात असते.

'मला कुठं वाचता येतंय, मी काय शिकवणार' हे या बैठकांतलं ठरलेलं वाक्य. त्याला उत्तर आहे. न वाचता येणारी आई सर्वांत चांगली ऐकणारी असू शकते, कारण तिला गोष्ट खरोखरच माहीत नसते. मूल वाचून दाखवतं तेव्हा ते परीक्षा देत नसतं, बातमी देत असतं. मेळघाटात कोरकूत, धडगावला पावरीत, गडचिरोलीत गोंडीत आजीने सांगितलेली गोष्ट ही मराठी वाचनाचीही तयारीच असते: गोष्टीला सुरुवात असते, काहीतरी अडतं, मग सुटतं, ही जाण कुठल्याही भाषेत मिळाली तरी पुस्तकात कामाला येते. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत आणि पुढे कोसबाडला हेच तर केलं. वारली पाड्यांवरची मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळा अंगणात नेली. गुरं वळणाऱ्या मुलांसाठी ती कुरणात नेली. शिंपले, बिया, पानं हेच साहित्य. तेव्हा त्या कुरणशाळेला मोठमोठी माणसं बघायला जात. आज तसं काही सुचवलं की आधी ॲपची लिंक मागतात. २०२० मध्ये शाळा बंद असताना सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' मालिका लागली. घरात आणि आसपास सापडणाऱ्या वस्तूंनी करायच्या कृतींवर तिचा भर होता. तो धागा शाळा उघडल्याबरोबर का सुटला, हे कुणीतरी विचारायला हवं.

गणिताचं तर मे महिन्यात घरभर पीक असतं. चिंचा फोडायचे दिवस नुकते संपलेले असतात, म्हणजे चिंचोके मुबलक. चार चिंचोके मधोमध फोडले की झाले फासे. पांढरी बाजू वर किती पडली ते मोजायचं, चारही पांढरे तर चार, चारही काळे तर आठ. कोळशाने पाच बाय पाचचा पट आखला की चल्लस-आठ सुरू. गावोगाव नियम थोडे बदलतात, भांडणंही त्यावरूनच होतात. 'मला घरात जायला सहा हवेत, आत्ता तीन पडले, म्हणजे अजून तीन' हे तिसरीतलं मूल मनात करतं आणि त्याला कळतही नाही की ही वजाबाकी आहे. पाढ्यांच्या १,९०० ओळींत असा एकही क्षण नाही.

धान्य मोजायची जुनी मापं अजून पुष्कळ घरांत कोनाड्यात पडलेली आहेत. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. भागाभागांत फरक असतो, पण निम्मं-दुप्पट हा कणा तोच. ज्वारी भरून ओतून बघितलेल्या मुलाला अर्धा आणि पाव शिकवावा लागत नाही, फक्त लिहायला शिकवावं लागतं. आठवडी बाजारात पावशेर मिरचीचे किती झाले, शंभरातून किती परत आले, हे मुलाला विचारायचं आणि दुकानदाराने सांगण्याआधी विचारायचं. आणि मराठीतले ते अवघड आकडे! एकोणसाठ की एकोणसत्तर, त्रेसष्ट की सदुसष्ट, यात शाळा अडकते; हे आकडे कानावरून शेकडो वेळा गेल्याशिवाय बसत नाहीत. वाळत घातलेले पापड मोजणारी आजी तेवढं एका दुपारी करून टाकते.

इथे मात्र एक खोच आहे, आणि शहरी शिक्षणतज्ज्ञांच्या लिखाणात ती सहसा नसते. 'घरकामातून शिक्षण' हे वाक्य चौथीतल्या मुलीच्या कानाने ऐकून बघावं. तिची सुट्टी म्हणजे धाकट्याला सांभाळणं, हंड्याने पाणी आणणं, आई कामावरून यायच्या आत भात टाकणं. मराठवाड्यातल्या कितीतरी वस्त्यांवर मे महिन्यात पाण्याची रांग म्हणजे मुलींचीच रांग असते. तिला शाळेने 'आईला मदत करा' असा उपक्रम देणं ही थट्टा आहे. आणि तिच्याच भावाला तोच उपक्रम दिला तर तो एक दिवस लिंबू सरबत करून फोटो पाठवतो. त्यामुळे उपक्रम सांगताना शिक्षकांनी स्पष्ट बोलावं: पापड मोजायचे ते मुलग्यांनी, पाणी भरून आणायचं आणि किती लिटर झालं तेही मुलग्यांनी, मुलींसाठी पुस्तक आणि चल्लस-आठचा पट. हे बैठकीत आईबापांसमोर बोलावं. घराघरांत लगेच बदल होईल असं नाही, पण शाळेच्या तोंडून ते निघालं याला वजन असतं.

आणखी एका मुलाला ही सगळी चर्चा लागू पडत नाही. ऊसतोडीला आई-बापांबरोबर गेलेलं मूल मार्च-एप्रिलमध्ये गावी परततं आणि बघतं तो शाळा आवरती झालेली. त्याच्या दृष्टीने शाळेच्या जवळ असण्याचा काळ म्हणजे नेमकी सुट्टी. बीडमधल्या अशा गावांत शाळेची खोली आणि ते कपाट मे महिन्यात सकाळी दोन तास उघडं राहायला हवं. गावातल्या एखाद्या बारावी झालेल्या मुलीला मानधन देऊन हे करता येईल. शिक्षकांची सुट्टी तोडायची गरज नाही.

वेळ कुठून आणायचा, हा शिक्षकांचा प्रश्न रास्त आहे. २०२५ मध्ये राज्याने पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा ८ ते २५ एप्रिल अशा ठेवल्या. कारण असं दिलं की शाळा लवकर परीक्षा उरकतात आणि मग एप्रिलभर वर्ग ओस पडतात. निदान खरं होतं, औषध चुकलं. शिक्षकांनी उन्हाकडे आणि निकालाच्या घाईकडे बोट दाखवलं, तेही बरोबरच. २५ तारखेला पेपर संपवून १ मेला निकाल लावायचा तर मधल्या दिवसांत तपासण्याशिवाय काही होत नाही. परीक्षेनंतर मूल शाळेत येत नाही कारण परीक्षेनंतर शाळेत काही नसतं. त्या दिवसांत मोठ्याने गोष्टी वाचल्या जाणार आहेत, पट आखले जाणार आहेत आणि शेवटी आवडीचं पुस्तक घरी न्यायला मिळणार आहे, हे कळलं तर सकाळच्या शाळेला मुलं येतील. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस कामकाज सांगितलं आहे. त्यातले शेवटचे चार-पाच परीक्षेच्या कचाट्यातून सोडवून या कामाला द्यावेत.

जूनमध्ये काय तपासायचं? काहीही नाही. पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलाला जवळ बसवून एक परिच्छेद वाचायला सांगितला तर ते कुठे आहे हे पाच मिनिटांत कळतं, आणि ती माहिती शिक्षकासाठी असते, मुलाला ऐकवायची नसते. ज्याला बोलायचंय त्याने आपल्या पुस्तकातली गोष्ट सांगावी. पुस्तक परत आलं नाही म्हणून दंड घेतला तर पुढच्या वर्षी तो पालक पुस्तक घरात येऊच देणार नाही.

एवढ्यासाठी शिक्षणाधिकाऱ्यांचं एक पानी परिपत्रक पुरे: सुट्टीत पुस्तकं घरी द्यावीत, हरवलेली निर्लेखित करावीत, मुख्याध्यापकाला जबाबदार धरू नये. फक्त ते मार्चमध्ये निघायला हवं. एप्रिलअखेर निघालं तर ई-मेलवरून केंद्रशाळेत, केंद्रशाळेतून शाळेच्या ग्रुपवर पोचेपर्यंत गुरुजी गावाला गेलेले असतील.